व्हर्लिनचं वजन आणि बँडच्या ट्रेलरचा रॅम्प

सहा आठवड्यांपासून व्हर्लिन योडरचा उजवा खांदा हलला की कटकट वाजायचा. तो आवाज बायकोच्या कानावर जाऊ नये म्हणून व्हर्लिन प्रत्येक वेळी खोकायचा. लव्हॉनची समजूत झाली की नवऱ्याला दमा लागला. व्हर्लिनने ती दुरुस्त केली नाही. दम्याने कुणाचं पद जात नाही.

पद रॅम्पचं होतं. इंडियानातल्या त्यांच्या गावच्या शाळेचा बँड स्पर्धांना निघाला की वाद्यांचा ट्रेलर सांभाळायचं काम मुलांच्या बापांकडे असे. त्या ट्रेलरचं मागचं दार खाली पाडलं की त्याचा उतार होई. ते उचलून बंद करायचा मान अकरा वर्षं व्हर्लिनकडे होता. त्याची दोन्ही मुलं केव्हाच शिकून नोकरीला लागली होती. बाप मात्र अजून शाळेतच होता. त्याच्या आधीचा रॅम्पवाला एल्रॉय. त्याची कंबर धरली तेव्हा त्याला खाण्याचे पदार्थ विकायच्या खिडकीत बसवलं, मक्याच्या नाचोंवर पातळ चीज ओतायला. त्यानंतर एल्रॉयला एप्रनशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून बैठकीत व्हर्लिननेच विषय काढला, की दाराला उचलायला मदत करणारी स्प्रिंग बसवू या, मुलांच्या सुरक्षिततेसाठी. धिप्पाड ड्युईसुद्धा, ज्याचा मुलगा ट्रोम्बोन वाजवायचा आणि ज्याला रॅम्पचं काम सहज जमलं असतं, मुकाट्याने हो म्हणाला. निवड व्हर्लिनवर सोपवली गेली.

त्याने न्हाणीघरातला वजनकाटा दाराच्या मोकळ्या कडेखाली ठेवला. काटा एकशे वीस पौंडांवर थांबला. उरलेला निम्मा भार बिजागरीवर, म्हणजे दार दोनशे चाळीसचं. या प्रकरणात त्याने बरोबर केलेलं हे पहिलं आणि शेवटचं गणित.

"दोनशे चाळीस ना, मग एकेरी स्प्रिंग न्या," ट्रेलरच्या सामानाच्या दुकानातला ऑरिन म्हणाला. "थोडा हात लावावा लागेल. वीस-तीस पौंडांचा."

व्हर्लिनला त्या आठवड्यात दुधाचा कॅनही डाव्या हाताने उचलावा लागत होता. "दारावर रबराची चटई टाकायचीय," तो म्हणाला.

"मग दोनशे सत्तर धरा."

"सकाळी दव पडतं."

ऑरिनने पेन्सिल खाली ठेवली. "दव."

"ऑक्टोबरात बरंच पडतं."

"किती पौंड दव धरू?"

"एकशे तीस."

"व्हर्लिन, तुमच्या खांद्याला काय झालंय?"

"काही नाही. ठीक आहे." त्या भागात ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला माणूसही एवढंच सांगतो.

"चारशेला जोडस्प्रिंग लागते," ऑरिन म्हणाला. "पण मग दार जमिनीवर टिकायचं नाही."

"टिकेल. मी बघतो त्याच्याकडे."

शनिवारी दुपारी, स्पर्धेच्या मैदानामागे, व्हर्लिनने कडी काढून रॅम्प खाली दाबला. हात सोडताच रॅम्प शांतपणे पुन्हा वर गेला, सभ्य माणूस खुर्चीवरून उठावा तसा. दव तर सकाळीच वाळलं होतं. आत मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं पलंगाएवढं वाद्य, आणि सहा ढोल अडकले होते. मैदानात पोचायला नऊ मिनिटं होती. उशीर झाला की गुण कापतात.

व्हर्लिनने रॅम्प पुन्हा दाबला आणि त्याच्या टोकावर जाऊन उभा राहिला. रॅम्प बसला. मरिंबा चाकांवर गडगडत उतरला. व्हर्लिनला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की तो टाळ्या वाजवायला खाली उतरला. रॅम्प उचलला गेला, आणि दारात आलेला मोठा ढोल ट्रेलरने घास गिळावा तसा परत आत घेतला.

"व्हर्लिन, चढ वर," ड्युई ओरडला. तो चढला. ड्युई जवळ आला. "थांब, मी उभा राहतो. माझं वजन जास्त आहे. तू ढोल ढकल."

ढोल ढकलायला खांदा लागतो. व्हर्लिनने खोकून पाहिलं. उपयोग नव्हता.

"ड्युई, माझा खांदा गेलाय."

"माहितीये रे. सहा आठवडे तू हात वर केलास की खोकतोयस. सगळ्यांना माहितीये. उगाच का आम्ही स्प्रिंगला हो म्हटलं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू ठीक आहेस म्हणालास ना."

व्हर्लिन तिथेच उभा राहिला. मुलं त्याच्या दोन्ही बाजूंनी ढोल नेत होती आणि जाताना "सॉरी, मिस्टर योडर" म्हणत होती, देवडीतल्या खांबाला म्हणावं तसं. बँड वेळेत पोचला. परतल्यावर सामान चढेपर्यंत तो पुन्हा उभा राहिला. शेवटी तो खाली उतरला, एक बोट लावलं, आणि दार आपलं आपण वर जाऊन बंद झालं. अकरा वर्षांत इतकं देखणं ते कधीच बंद झालं नव्हतं.

एल्रॉय एप्रन बांधलेलाच आला. त्याच्या हातात दुप्पट चीज ओतलेला नाचोंचा द्रोण होता. "खा," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी वारा असणारेय, रॅम्प उचलेल."

पुढच्या बैठकीत एक स्प्रिंग काढायचा ठराव आला आणि पडला. कामांच्या यादीत 'रॅम्प' पुढे 'व्हर्लिन' कायम राहिलं. फक्त कंसात 'वजन' असं वाढवलं.

त्या रात्री घरी तो त्याच वजनकाट्यावर चढला. तीन पौंड वाढले होते.

"लव्हॉन," त्याने हाक मारली, "ॲपल पाय वाढतेस का गं थोडा?"

"दम्याचं काय झालं?" तिने तो कापता कापता विचारलं.

"गेला," व्हर्लिन म्हणाला, आणि ताटली डाव्या हाताने पुढे केली.