आवळ नळी

इंदरलालने बंदूक मोडून दोन्ही नळ्यांत काडतुसं सारली, तशी दुर्गेश्वरीने पदर कानावर ओढून घेतला. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, टोकाला तिनेच दोन खुंट्यांना पोतं ताणून त्यावर पेपरचं पान टाचलं होतं. डुकरांवर कोणती नळी चालवायची ते आदल्या दिवशी कागदावर बार टाकून ठरवायचं, ही इंदरलालची, तिच्या सासऱ्याची, जुनी रीत.

दुनळीची डावी नळी तोंडाशी आवळलेली. तिच्यातून छर्रे एकगठ्ठा जातात. उजवी खुली, तिचे पसरतात. रानडुकरांनी लोंबीवर आलेल्या दोन बांध्या पार लोळवल्या होत्या, वनखात्याची परवानगीही आली होती. उद्या गडी जंगलू डबा बडवत धानातून डुकरं हाकणार आणि इंदरलाल बार टाकणार. म्हणजे बार सुटेल तेव्हा जंगलू समोरच असणार.

"आवळच बरी," इंदरलाल म्हणाला. "खुलीचे छर्रे कुठीबी जातात. जंगलू समोर राह्यते."

बांधावर बसलेला जंगलू हसला. "मालकाचा बार हाये. मले कायचा भेव?"

बार झाला. बगळे उडाले. दुर्गेश्वरी कागदापाशी गेली. कागदाला एकही भोक नव्हतं. डावीकडे, चांगलं हातभर लांब, बाभळीच्या बुंध्यात छर्र्यांचा एकच दाट घाव होता. नळीत खोट नव्हती. सकाळी सासऱ्याने चहा कपाबाहेर ओतला, तेव्हा घरातलं कुणी बोललं नव्हतं.

केसातल्या पिनेने चार भोकं पाडली असती तर म्हातारा खूश झाला असता. पण जंगलूची बायको मंगली धानाच्या रोवण्याला तिच्याच बाजूला वाकलेली असायची. उद्या तिला कोणतं तोंड दाखवायचं?

"किती लागले?"

"एकबी नाही, मामाजी. सारे बाभळीले लागले."

"हवा होती," तो म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं. "खुली मारून पाह्यतो."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना! दुसरा बार झाला. ती पुन्हा गेली.

"तीन लागले."

इंदरलालचा चेहरा फुलला. "झालं त! उद्या खुलीच."

जंगलू उठला. आता तो हसत नव्हता. "हो मालक," एवढंच म्हणाला.

त्या 'हो'चा दुर्गेश्वरीला रागच आला. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यापुढे कधी उलटून बोलली नव्हती.

"तीन कागदाले लागले, मामाजी. बाकीचे कुठी गेले, थे पाहाले चला."

तो आला. आधी वाकून पाहिलं, मग बोटांनी चाचपलं. पोतं, बाभूळ, पलीकडच्या बांधाची माती. जंगलू उद्या त्याच बांधावरून यायचा होता. इंदरलालची बोटं मातीतल्या एका भोकावर बराच वेळ थांबली. दुर्गेश्वरीला वाटलं, आता हा खेकसणार.

त्याने बंदूक मोडली आणि रिकामी काडतुसं काढून खिशात टाकली.

"जंगलू, उद्या डबा मी वाजवतो."

"तुमी? आन बार?"

"तिरोड्याच्या भैय्यालालले बोलावतो. त्याच्याकडंबी परवाना हाये." तो घराकडे वळला. दोन पावलं जाऊन थांबला, पण मागे पाहिलं नाही.

"दुर्गेश्वरी, त्याले फोन लाव. आन त्याले बरोबर दिसते का, थे आधी विचार. समोर मी राहीन."