निळ्या दाराच्या गोळ्या

गावच्या दवाखान्याला पूर्वी दोन दारं होती. पुढचं पांढरं, ते खोकला, ताप, मोडलेला हात आणि पोटुशा बायांसाठी. मागचं निळं, ते एचआयव्हीच्या औषधांसाठी, आठवड्यातून एकदाच उघडायचं. त्या दारातून जो आत जाई, त्याचं नाव तो बाहेर यायच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं असे. एकदा सलूनवाल्याची शेळी दोर तोडून निळ्या दारात शिरली आणि दोन मिनिटांत परत आली, तर वर्षभर तिच्या दुधाला गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे पुढे ती शेळी मान खाली घालून चरायची. शेळ्या मान खाली घालूनच चरतात हे खरं, पण हिची जरा जास्तच खाली असे.

मग नवी सिस्टर आली. अंगानं काटकुळी, पण बोलणं खिळ्यासारखं. तिनं गवंडी बोलावून निळं दार विटांनी बुजवलं आणि त्यापुढे कपाट उभं केलं. आता एकच दार, एकच बाक, एकच कार्ड. ज्या टेबलावर पोटुशीचं वजन लिहायचं, तिथूनच ते औषधही द्यायचं. प्रत्येक पोटुशीला दोन पांढऱ्या बाटल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. सकाळच्या बाटलीत सगळ्यांनाच रक्तवाढीच्या तांबड्या गोळ्या. संध्याकाळच्या बाटलीत कुणाला हाडांसाठी खडूसारख्या जाड गोळ्या, कुणाला बारक्या पिवळ्या. बाहेरून ओळखणाऱ्यानं ओळखून दाखवावं.

टेलरबाईच्या बाटलीत बारक्या पिवळ्या होत्या.

चौथ्या महिन्यात तिचं रक्त तपासलं, तेव्हा सिस्टरनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. सगळं ऐकून टेलरबाईनं एवढंच विचारलं, "बाळाला?"

"रोज एक. एकही दिवस चुकवायची नाही. मग बहुतेक काही होत नाही."

"बाटली लपवू कुठं?"

"लपवायचीच नाही. फळीवर ठेव, चहाच्या डब्याशेजारी. लपवलेल्या वस्तूला पाय फुटतात."

सातव्या महिन्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. नवरा गवंडी, दूरच्या कामांवर असायचा, महिनाअखेर यायचा. त्याला तिनं अजून सांगितलं नव्हतं. कुणाकडून कुणाला, हा प्रश्न ती रोज उसवायची आणि रोज तसाच टाचून ठेवायची. घरात राहायच्या त्या दोघीच, ती आणि सासू.

सासू म्हणजे गावची गिरणवाली. तिच्या गिरणीत धान्य कमी आणि गावच्या भानगडी जास्त दळल्या जात, आणि पीठ मात्र दोन्हींचं बारीक निघे. चाळीस वर्षं त्या धडधडाटात बसून तिचे कान गेले होते. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तिला गुपित सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची. लिहून दाखवावं, तर तिला अक्षर येत नव्हतं.

बाटली नवी आणून बारा दिवस झाले होते. टेलरबाईनं संध्याकाळची गोळी काढली आणि तिचा हात थांबला. बाटली हलकी लागली. तिनं गोळ्या मशीनच्या फळीवर ओतल्या आणि मोजल्या. अठरा हव्या होत्या. होत्या नऊ. तिनं पुन्हा मोजल्या, मग मशीनखाली वाकून पाहिलं, कापडाच्या चिंध्या झटकल्या. नऊच.

"काय शोधतेस?" सासूनं विचारलं, नेहमीसारखं गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"गोळ्या कमी आहेत," टेलरबाई ओरडली.

"त्या होय? मी खाते की. रोज एक. मधे दोनतीनदा राहिली." सासूनं दंड चाचपून दाखवला. "अंगात काय दम आलाय. काल गव्हाचं पोतं एकटीनं उचललं."

"आई, त्या पोटुशीच्या आहेत."

"का? रक्त काय पोटुशीलाच लागतं? आमच्या अंगात काय ताक आहे? तुझ्या त्या तांबड्या नकोत बाई, त्यांनी पोट घट्ट होतं. या पिवळ्या गुणाच्या." आणि मग तिनं असं काही म्हटलं, की टेलरबाईच्या पोटातलं बाळसुद्धा हलायचं थांबलं. "परवा तुझी तपासणी आहे ना, मी येते बरोबर. बाटली घेऊनच येते. सिस्टरला म्हणते, या पिवळ्यांची एक मलाही दे."

बाकावर बारा पोटुशा बसणार. सासू बाटली तळहातावर उपडी करणार, पिवळ्या गोळ्या सगळ्यांना दाखवणार आणि ठणठणीत आवाजात विचारणार, तुमच्याकडे आहेत का गं अशा? अकराजणींकडे खडूसारख्या असतील. कदाचित दहाजणींकडे. अकरावी ओठ आवळून जमिनीकडे बघत बसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाई कापड आणायच्या निमित्तानं दवाखान्यात जाऊन आली. सिस्टर आधी हसली, मग हसायची थांबली.

"नऊ गोळ्यांनी म्हातारी मरत नाही. पण तिला माझ्याकडे आण, तपासते. आणि पुन्हा खाऊ देऊ नकोस. तुला नवी बाटली देते. पण बाटली कुलपात ठेवलीस तर सासू विचारेल, कुलूप का."

"तुम्हीच सांगा ना तिला."

"तुझं गुपित आहे. तू नको म्हणालीस तर मी सांगणार नाही, आणि हो म्हणालीस तरी मला ओरडूनच सांगावं लागेल. या भिंती विटेच्या आहेत, पण एकेरी."

परतताना टेलरबाईचे पाय घराकडे वळेनात. घरी ओरडावं तर शेजारी. शेतात न्यावं तर सासूचे गुडघे. आणि मग तिला वाटेतच गिरणीचा आवाज ऐकू आला. धड धड धड. गिरण चालू असताना त्या खोलीत बाँब फुटला तरी फक्त पीठ उडेल. तिथं सासूच्या कानाला तोंड लावून हवं ते ओरडावं, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही.

गिरणीत एकच गिऱ्हाईक होतं, सलूनवाला. गावात बातम्यांचे दोनच कारखाने, एक गिरण आणि दुसरं त्याचं सलून. तो उंबऱ्याशी पाठमोरा उभा राहून विडी ओढत होता. त्याचा ज्वारीचा डबा दळणावर होता. धडधडाटात त्याला काही कळणं शक्य नव्हतं. तरी टेलरबाईनं दोन्ही हात सासूच्या कानाभोवती धरले.

"आई, त्या पिवळ्या गोळ्या रक्ताच्या नाहीत."

"काय?"

"बाळासाठी आहेत."

"मग बाळाला सांग, आजीनं खाल्ल्या."

"त्या निळ्या दाराच्या आहेत."

"कसल्या दाराच्या?"

टेलरबाईनं छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते बळ घशात आणलं.

नेमकी तेव्हा लाइट गेली. पट्टा सुटल्यासारखा ढिला पडला, दगड घुमत घुमत थांबला, आणि त्या शांततेत तिचं वाक्य एकटंच उभं राहिलं.

"निळ्या दाराच्या गोळ्या आहेत त्या."

सलूनवाला वळला. विडी त्याच्या ओठाला चिकटून राहिली. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसत होतं. टेलरबाईला वाटलं, ते बसेपर्यंत आपण उभ्या असू, मग पडू.

सासूनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात पदराला पुसले.

"ओरडतेस कशाला?" ती म्हणाली. "बहिरी आहे, मेलेली नाही. हो, निळ्या दाराच्या गोळ्या मी खाते. आजपर्यंत नऊ खाल्ल्या. खोटं बोलत असेन तर जीभ झडो." ती सलूनवाल्याकडे वळली. "तुला काय विचारायचंय रे?"

"नाही मावशी."

"मग तोंड मीट, पीठ जाईल."

सलूनवाला डबा तसाच टाकून निघून गेला. चालत गेला, पण कोपऱ्यावरून त्याच्या चपला धावताना ऐकू आल्या.

सासू पोत्यावर बसली. तिचा आवाज आता इतका खाली आला, की टेलरबाईला वाकावं लागलं. हिला हळू बोलता येतं, हे तिला पाच वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

"मला काही होईल का?"

टेलरबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"बाळाला?"

टेलरबाईनं एक बोट वर केलं. रोज एक. मग सासूच्या कानात म्हणाली, "बहुतेक काही होत नाही."

"बहुतेक."

"बहुतेक."

तो शब्द दोघींच्या मधे पडून राहिला.

"त्याला ठाऊक आहे?"

"अजून नाही," टेलरबाई तिच्या कानात म्हणाली आणि तिला रडू आलं.

"तो आधी माझा मुलगा आहे, मग तुझा नवरा," सासू म्हणाली. "महिनाअखेर येऊ दे. तू म्हणशील तेव्हा आपण दोघी सांगू, आणि मग त्याला कान धरून तपासायला नेऊ. माझ्या कानाचा नसला तरी त्याच्या कानाचा उपयोग आहे."

सकाळी गिरण उघडली. आठ वाजले, कुणी आलं नाही. नऊ वाजले. एरवी या वेळी डब्यांची रांग लागे. सलूनवाल्याचा अर्धा दळलेला डबा तिथंच होता. सासूनं उठून बटण दाबलं. रिकामी गिरण कधी चालवू नये, दगड दगडाला खातो, हे तीच सगळ्यांना शिकवायची. आज तिनं ती रिकामीच चालवली, गावाला ऐकू जाईल अशी. टेलरबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या पाठीत ते हादरे उतरत होते.

साडेनऊला सलूनवाला आला. उंबऱ्याबाहेर थांबला. सासूनं गिरण बंद केली.

"बायकोनं पाठवलं," तो म्हणाला. "घरात पीठ नाही."

"काय?"

"घरात पीठ नाही," तो ओरडला.

"आत येऊन घे. हे दार निळं नाही."

त्यानं आधी चौकटीकडे पाहिलं, मग आत पाय टाकला. बाकीची ज्वारी सासूनं दळून दिली, आणि तो जायच्या आत गिरणीला कुलूप लावलं.

"कुठं निघालात?" त्यानं ओरडून विचारलं.

"दवाखान्यात. मला तपासायचंय." तिनं सुनेकडे मान उडवली. "आणि ही पोटुशी आहे, दिसत नाही का?"

दवाखान्याच्या बाकावर अकरा पोटुशा बसल्या होत्या. बातमी त्यांच्याही आधी तिथं येऊन बसली होती. गिरणवाली दिसताच कुजबुज थांबली. टेलरबाईच्या पिशवीत बाटल्या खुळखुळल्या, आणि तिला वाटलं, आज साऱ्या गावात एवढाच एक आवाज आहे.

मग बाया सरकल्या. एक सरकली, तशी तिच्या शेजारची, तशी पुढची. जागा करून द्यायला सरकल्या की लांब व्हायला, हे टेलरबाईला कळेना. तिला बसवेना.

सासूनं तसल्या बारकाव्यात डोकं घातलं नाही. झालेल्या जागेत ती ऐसपैस बसली आणि शेजारी हात आपटला.

"बस की," ती म्हणाली. रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल.