एका कानाचा घोडा आणि तिनाचा आकडा

मी एक जुना काळा घोडा आहे. पण मित्रांनो, मला चारा-पाणी लागत नाही. मी बुद्धिबळाच्या पटावरचा. माझी आयाळ कोरताना सुतार शीळ घालत होता, म्हणूनच की काय, माझा चेहरा कायम हसरा आहे.

उमेदीची वर्षे आरोग्य कार्यालयाच्या चहाच्या खोलीत गेली. अडीच घरांची उडी मारून मी वजीर टिपला की टेबलावर थाप पडे, "वा रे घोड्या!" पुढे माझा एक कान तुटला, प्यादी हरवू लागली, सगळ्यांच्या हातात फोन आले आणि आमचा डबा कपाटावर गेला.

मग एका उन्हाळ्यात गावभर डोळे आले. संशय पोहण्याच्या तलावावर. आमच्या डॉक्टरबाईंनी तलावात जाणारी शंभर आणि न जाणारी शंभर मुले तपासली. पोहणाऱ्यांपैकी पंच्याहत्तर जणांचे डोळे आले होते, बाकीच्यांपैकी पन्नास जणांचे. कार्यालयाच्या साहेबांनी आधीच ठरवले होते, धोका दुप्पट किंवा जास्त निघाला तर उन्हाळाभर तलावाला कुलूप. निकाल ऐकायला पोहणे शिकवणारे मास्तर चहाच्या खोलीत येऊन बसले होते.

साहेब अहवाल फडकवतच आले. "मास्तर, धोका तिप्पट! हे बघा, ऑड्स रेशो तीन."

मास्तरांचा चेहरा पडला. "माझी पोरं आत्ता कुठं पाण्यात तोंड बुडवायला लागली होती हो."

"साहेब, तीन बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण धोका तिप्पट नाही. तो डबा काढा जरा."

कितीतरी दिवसांनी झाकण उघडले! बाईंनी चार-चार सोंगट्यांच्या दोन रांगा मांडायला घेतल्या. एक सोंगटी म्हणजे पंचवीस मुले; काळी म्हणजे डोळे आलेली, पांढरी म्हणजे ठणठणीत. पोहणाऱ्यांच्या रांगेत तीन काळ्या, एक पांढरी, दुसरीत दोन-दोन. काळी प्यादी चारच उरली होती.

"घोडा चालेल का?" मास्तरांनी विचारले.

"चालेल काय, पळेल!" म्हणत बाईंनी मला पोहणाऱ्यांत उभे केले. "आता सांगा, या चारांत आजारी किती?"

"तीन."

"त्या चारांत?"

"दोन."

"तिनास दोन, म्हणजे धोका दीडपट. हा रिस्क रेशो. ऑड्समध्ये आजाऱ्यांची तुलना सगळ्यांशी नाही, फक्त ठणठणीत मुलांशी होते. इथं एका पांढऱ्यामागे तीन काळ्या, तिथं एकीमागे एक. म्हणून तीन."

साहेबांनी मला उचलले. "म्हणजे अपूर्णांक मांडला तर हा घोडा धोक्यात वरही मोजायचा आणि खालच्या चारांतही, पण ऑड्समध्ये फक्त वर?"

"अगदी!"

"मग हे ऑड्सचं लचांड हवंच कशाला?"

"आधी आजारी गाठून, ते कुठं कुठं गेले होते असा उलटा शोध घ्यायचा असतो, तेव्हा मुळात एकूण किती जण होते हे कळतच नाही. तिथं ऑड्सच कामाला येतात. आजार क्वचित असेल तर दोन्ही आकडे जवळपास जुळतात. इथं मात्र निम्म्या गावाचे डोळे आलेत!"

"आणि मी डोळे फाडून वाचूनही मला दिसलं नाही," साहेब हसले. "मास्तर, कुलूप रद्द."

"पण दीडपट म्हणजे काहीच नाही असं नव्हे," बाईंनी बजावले. "पाणी बदला. डोळे आलेल्याला बरं होईपर्यंत प्रवेश नाही. टॉवेल ज्याचा त्याचा."

"पाणी काय, अख्खा तलाव घासून देतो!" मास्तर म्हणाले आणि जाताना त्यांनी मला मागूनच घेतले.

आता मी तलावाच्या तिकीट-खिडकीत असतो. "घोड्यासारखी उडी मार!" मास्तर ओरडतात. परवा काठावर थरथरणारी एक मुलगी म्हणाली, "सर, सरळ मारू की अडीच घरं?" आणि धपकन पाण्यात! माझ्या तुटक्या कानावर पाणी उडाले. काय बरे वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, खेळ संपला की सोंगट्या मोजून डब्यात ठेवा. आणि कुणी "तिप्पट!" म्हणून घाबरवले, तर घाबरण्याआधी एवढे विचारा: कशाच्या तिप्पट? मोजताना एखादा घोडा बाहेर तर राहिला नाही ना?