झाकणावरचे नंदूभाऊ

रविवारी सकाळी धोंडू घाडीचं डोकं फिरलं ते एका ब्राउन पेपरमुळे. शाळेच्या वह्यांना घालतात तसलं कव्हर पोरीने लॅपटॉपच्या झाकणाला घातलं होतं. कडा दुमडून, चारी कोपऱ्यांना सेलोटेप मारून, अगदी नीट. आणि त्या कागदाखाली कोण गुदमरत होतं? वॉर्डातले पुढारी, नंदूभाऊ. हात जोडलेले, दात सगळे बाहेर, खाली लाल अक्षरांत ‘विद्यार्थ्यांचा आधारस्तंभ’. तो फोटो धोंडूने स्वतःच्या हाताने चिकटवला होता. एकाच लॅपटॉपवर नाही, चांगल्या चाळीस लॅपटॉपवर चाळीस नंदूभाऊ, आणि एकाच्याही गालावर हवेचा एवढासा फुगा नाही. तसं काम अख्ख्या कांदिवलीत दुसऱ्या कुणी करून दाखवावं.

धोंडूचं चारकोप मार्केटात रेडियमचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. फुटपाथवर एक काउंटर, वर पत्रा, आत कटिंगचं मशीन. रिक्षांच्या पाठच्या ओळी, टेम्पोवरची देवांची नावं, दवाखान्यांच्या काचांवरची अक्षरं, सगळं तो कापून चिकटवून द्यायचा. बाप गिरणीत होता. गिरणी गेली, परळची खोली गेली, आणि घाडी कुटुंब चारकोपला आलं. या काउंटरवर त्याने वीस वर्षं काढली होती. परवाना मात्र नव्हता. पालिकेची गाडी यायच्या आधी नंदूभाऊंचा फोन यायचा, की धोंडू काउंटर आवरून जिन्याखाली लपवायचा आणि गाडी गेली की परत मांडायचा. फोन यायचा बंद झाला की दुकान गेलंच म्हणून समजा. हे धोंडूला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, शकुला, ठाऊक होतं, आणि नंदूभाऊंना तर चांगलंच ठाऊक होतं.

जूनमध्ये भाऊंनी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. बीकेसीतल्या एका कंपनीने आपल्या ऑफिसातले चाळीस लॅपटॉप दहावी पास झालेल्या मुलींसाठी दिले होते. उद्या संध्याकाळी वाटप, तोवर प्रत्येकावर आपला फोटो पाहिजे, असा हुकूम झाला. वर भाऊ म्हणाले, तुझ्या पोरीचं नाव मी यादीत घातलंय, लक्षात ठेव. धोंडूच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. या कामाचं काही घेणार नाही, असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं.

काम करायला बसला आणि बघतो तर प्रत्येक झाकणावर आधीच एक पांढरा स्टिकर. रेडियमच्या धंद्यात एक नियम असतो आणि धोंडूने तो वीस वर्षांत मोडला नव्हता: जुन्यावर नवं चिकटवायचं नाही. जुनं काढायचं, स्पिरिटने पुसायचं, मगच नवं लावायचं. यावरून त्याने भांडून गिऱ्हाइकं परत पाठवली होती. भाऊंना त्याने भीतभीत तसं सांगितलं. भाऊ म्हणाले, खाली कंपनीचा लोगो आहे, फोटोतून दिसतो म्हणून झाकलाय, तू वरून मार आणि मोकळा हो. बास. वीस वर्षांचा नियम त्या एका वाक्यात चुलीत गेला. पण खालच्या स्टिकरमुळे आपलं काम उचकटायला नको म्हणून धोंडूने सगळ्यात जाड विनाईल घेतलं, रबराच्या पट्टीने दाबून बसवलं, कडांवर हीट गनची गरम हवा फिरवली. लॅपटॉप मोडेल पण भाऊ हलणार नाहीत असं काम केलं. स्वतःवरच खूश होता गडी.

आणि तो समारंभ! भाऊ अर्धा तास स्वतःबद्दल बोलले. मुलींची नावंसुद्धा पुकारली नाहीत. खोक्यांवरचे नंबर तेवढे जुळवत, ‘पुढची ये, पुढची ये’ करत चाळीस पोरींना रांगेने स्टेजवरून सरकवलं, रेशनच्या रांगेत सरकवतात तसं. पालकांनी दोन शब्द बोलावे म्हणून माईक फिरला, तेव्हा धोंडू इस्त्रीचा शर्ट घालून उठला आणि म्हणाला, भाऊंनी माझ्या मुलीचं नाव घातलं नसतं तर तिला हा दिवस दिसला नसता. वाकून नमस्कारही केला. त्याचा व्हिडिओ सेक्टरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. चौऱ्याण्णव टक्के मिळवलेली पोर, स्वरदा, स्टेजखाली उभी राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

आणि आता तीच पोर भाऊंच्या तोंडाला कागद फासून बसली होती. धोंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी बघितलं तर काय होईल, भाऊंच्या कानावर गेलं तर दुकानाचं काय होईल, बापाच्या पुण्याईने मिळालेल्या वस्तूची ही किंमत करतेस का, असं तो एकावर एक बोलत सुटला. स्वरदा ऐकून घेत होती. मग म्हणाली की कॉलेजात लॅपटॉप उघडला की तिला स्क्रीन दिसते, पण समोरच्या सगळ्यांना नंदूभाऊ दिसतात. बोरिवलीच्या त्या वर्गात साठ मुलं आहेत आणि साठही जण दात काढतात.

“गप रव. तुका काय कळता?” धोंडू मालवणीवर आला. घरात त्याचा संताप तिथे पोचला की पुढे कुणी बोलत नसे.

स्वरदा बोलली.

“पप्पा, परवा सरांनी विचारलं, फोटोतले हे तुझे वडील का? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, मग ह्यांना कपाळावर घेऊन का फिरतेस?”

आत शकु बांगडे साफ करत होती. तिने सुरी खाली ठेवली. धोंडूने मनात तो प्रश्न पुन्हा ऐकला. ‘हे तुझे वडील का?’ सोळा वर्षं या पोरीला खांद्यावर, सायकलवर, पाठुंगळी वागवली, आणि तिच्या मास्तराला बाप म्हणून कोण दिसावा, तर तो दात काढणारा.

तो उठला, चपला घातल्या आणि दुकानातून हीट गन घेऊन आला.

स्वतःचंच काम काढायला बसला तेव्हा त्याला कळलं की आपण किती चांगलं काम केलंय. कोपरा सुटेना. मंद आचेवर गन फिरवायची, नखाने कड उचलायची, पुन्हा गन फिरवायची. स्वतःला शिव्या घालत त्याने दहा मिनिटं घालवली. मग कड सुटली आणि जाड विनाईल खालच्या पांढऱ्या स्टिकरला सोबत घेऊनच वर यायला लागलं. भाऊंचं कपाळ गेलं, नाक गेलं, दात गेले. खाली करड्या झाकणावर कंपनीचं छोटंसं चिन्ह होतं. आणि त्या चिन्हाखाली, खरवडूनही जाणार नाहीत अशी मशीनने कोरलेली दोन ओळींची मराठी अक्षरं होती.

कु. स्वरदा धोंडू घाडी. दहावी गुणवत्ता यादी, क्रमांक १.

धोंडूने ते तीनदा वाचलं. जन्मभर अक्षरं कापून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव वाचायला एवढा वेळ लागला. स्वरदाने त्याच्या हातून लॅपटॉप घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सरळ शाळेच्या अनुपमा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं सांगितलं. शाळेने एप्रिलमध्ये अर्ज केला होता. निकालानंतर यादी शाळेने गुणांप्रमाणे पाठवली होती. लॅपटॉप कुणी मधल्या मध्ये दुसऱ्याला देऊ नये म्हणून कंपनीने प्रत्येकीचं नाव कोरून पाठवलं होतं. नंदूभाऊंनी काय केलं होतं? हॉल दिला होता आणि टेम्पो पाठवला होता. नावं का झाकली, हे मॅडमनी वाटपाच्या दिवशीच विचारलं होतं, तेव्हा स्क्रॅच पडू नयेत म्हणून, असं उत्तर मिळालं होतं.

“आयजीच्या जिवावर बायजी उदार,” शकु दारात येऊन म्हणाली. “आणि त्या बायजीच्या पाया पडायला तुम्ही गेलात, माईक घेऊन.”

धोंडूच्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओ होता. पोरीचं हक्काचं होतं, तिने रात्री जागून कमावलेलं होतं, त्याच्यासाठी आपण वाकलो. वाकलो तर वाकलो, तिलाही सगळ्यांसमोर मिंधी केली. आणि तिचं नाव ज्याने पुरलं, त्याच्या फावड्यावर माती ओढणारे हात आपलेच. एक नाव नाही, चाळीस. जुन्यावर नवं चिकटवायचं नाही हे ठाऊक असताना चिकटवलं. नियम उगाच नसतो. त्याला स्वतःचा इतका राग आला की हातातली गन भिंतीवर आपटावी असं वाटलं. पण गन लागणार होती.

शकुला त्याच्या तोंडावरून बेत कळला. राग तिलाही होता, पण घर तीच चालवत होती. दुकान जाईल, एवढंच ती म्हणाली. धोंडू म्हणाला, जाईल. थोड्या वेळाने तिने बांगडे झाकून ठेवले आणि म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जा, पण जेवून जा.

दुपारी त्याने दुकान उघडलं आणि चांगल्या निळ्या विनाईलमध्ये बोर्ड कापला: ‘लॅपटॉपवरचा फोटो काढून मिळेल. खाली तुमचं नाव आहे.’ स्वरदाने स्वतःच्या झाकणाचा फोटो मुलींच्या ग्रुपवर टाकला. तीन वाजेपर्यंत काउंटरपुढे रांग लागली. पोरी आल्या, आया आल्या, एकीचा आजोबा काठी टेकत आला. धोंडू गन फिरवायचा, कड उचलायचा, आणि चेहरा निघाला की लॅपटॉप मुलीकडे फिरवायचा. अक्षता नावाची एक लुकडी पोर, क्रमांक सतरा, स्वतःचं नाव बघून तिथेच फुटपाथवर रडायला लागली. तिच्या घरी रोज ऐकवत होते म्हणे, भाऊंमुळे मिळालाय हां, विसरू नकोस.

पाचच्या सुमारास भाऊंची पांढरी गाडी आली. मागच्या काचेवरचं नाव धोंडूनेच चिकटवलेलं. भाऊ उतरले, हसतच आले. माणसाचा आवाज कधी चढायचा नाही. ज्यांच्याकडे फोन करायची ताकद असते त्यांना ओरडावं लागत नाही.

त्यांनी धोंडूच्या खांद्यावर हात ठेवला, पोरींना कशा आहात विचारलं, आणि हे काय चाललंय, कुणी भरवलं तुझ्या डोक्यात, असं प्रेमाने विचारलं. लॅपटॉप आले कसे, हॉल कुणी दिला, हेही ऐकवलं. मग वाकून, फक्त धोंडूला ऐकू जाईल असं म्हणाले, “गाडी मंगळवारी येते. या वेळी माझ्या फोनची वाट बघू नको.”

काउंटरखालून धोंडूने सोललेल्या फोटोंची चवड काढली. चोवीस नंदूभाऊ, एकमेकांना चिकटलेले.

“भाऊ, जुन्यावर नवं चिकटवायचं नसतं. तेव्हा तुम्हाला घाबरून चिकटवलं, ती माझी चूक. ती मी काढतोय. हे तुमचं तोंड घेऊन जा.”

भाऊंनी हात पुढे केला नाही. धोंडूने चवड गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि पुढच्या मुलीचा लॅपटॉप ओढून घेतला. रांगेतलं कुणीही हललं नाही. भाऊ गाडीत बसले. ड्रायव्हरने उतरून ती चवड उचलली आणि कुठे टाकावी ते न कळून मांडीवर घेऊन बसला.

मंगळवारी पालिकेची गाडी आली. जिन्याखाली लपवलेलं काउंटरही गेलं, पत्रा गेला, निळा बोर्ड गेला. कटिंगचं मशीन धोंडूने आदल्या दिवशीच घरी आणून ठेवलं होतं, तेवढं वाचलं. आजूबाजूच्या दुकानदारांनी बघितलं, हळहळले आणि आपापल्या गिऱ्हाइकांकडे वळले. त्यांनाही मंगळवार होतेच.

बुधवारी धोंडू आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात बसला. वायर घरातून ओढलेली, पुढ्यात स्टूल. उद्याचं काय, हा प्रश्न होताच, आणि रागही होता, तसाच, जरासुद्धा न विझलेला. पण अजून नऊ लॅपटॉप राहिले होते. संध्याकाळी गोराईहून खाडीवरची होडी पकडून एक कोळीण आपल्या मुलीला घेऊन आली. दोघी पायरीवर टेकल्या. मुलगी इतकी हळू बोलत होती की तिचं नाव धोंडूला ऐकूच आलं नाही. स्टेजवर तीही ‘पुढची ये’च झाली असणार.

त्याने गन फिरवली, कड उचलली. फोटो निघाला. मग त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी वर धरला आणि जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “कुमारी जान्हवी चंद्रप्रकाश कोळी. दहावी गुणवत्ता यादी, क्रमांक पाच.”

मुलीने आईकडे बघितलं. आईने पदराने हात पुसून मोबाईल काढला.

“काका, परत एकदा वाचा,” मुलगी म्हणाली. “मम्मी व्हिडिओ काढतेय.”

धोंडू उभा राहिला आणि त्याने परत वाचलं.