हजच्या आधीची माफी

ताहेर माझ्या दारात येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. हजला नाव लागलं म्हटल्यावर जाईल कुठं? कंधारहून नायगावला आला तो नवी टोपी घालून, हातात मिठाईचा डबा घेऊन. माझा पाठचा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. पण मी त्याला बस म्हटलं न्हाई. अंगणातच उभा ठेवला, उन्हात.

"आपा, कहा-सुना माफ कर," म्हणून त्यानं हात जोडले.

शेजारच्या गुणामावशी माझ्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बिलकीस, हात कशाला जोडून राहिला गं ह्यो?"

"हजला चाललाय, मावशी. मक्केला. ज्याची ऐपत हाय त्या मुसलमानानं जन्मात एकदा जायचं असतं. परत आला की लोक हाजीसाब म्हणतील. पण जायच्या आधी ज्याला दुखवलं त्याच्या दारात जाऊन माफी घ्यायची."

"देव हाय की माफ करायला."

"देव त्याचं माफ करतो. नमाज चुकली, रोजा चुकला, अल्ला पोटात घालतो. पण माणसाला छळलं तर ते त्या माणसानंच सोडायचं. हक्कुल इबाद म्हणतात आमच्यात. माणसाचा माणसावरचा हक्क. तिथं अल्ला मधी पडत न्हाई."

ताहेरनं मान खाली घातली. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझ्या सुमय्याला मी लातूरला नर्सिंगला पाठवलं, एवढंच माझं पाप. पोरगी परगावी ठेवली म्हणून ह्यानं मला माहेर बंद केलं. फोन केला की हाच उचलायचा. "अम्मी झोपलीय," म्हणायचा. आणि एक दिवस कंधारची एक बाई बाजारात भेटली, ती मला म्हणते, तुझी अम्मी गेली, परवाच माती झाली. आमच्यात बायका कब्रस्तानात जात न्हाईत. घरून जनाजा उठायच्या आधी मय्यतीचं तोंड बघितलं तर बघितलं. माझ्या आईचं तोंड ह्या मेल्यानं मला बघू दिलं न्हाई. तवापासून मी ह्याच दिवसावर डोळा ठेवून होते.

"माफी पाहिजे ना? मग काय केलंस ते बोल. मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाऊ दे."

"आपा, लोक बघून राहिलेत..."

"बघू दे की! हजला निघताना हार घालून घेशील, तवा बघायला चालतील ना?"

तो बोलला. फोनचं बोलला, जनाज्याचं बोलला. समोरच्या ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. माझं काळीज थंड व्हायला लागलं होतं. मग तो थांबला, आणि रडायलाच लागला.

"अजून एक हाय आपा. मनात ठेवून गेलो तर माझा हज कबूल व्हायचा न्हाई. अम्मी शेवटी तुझंच नाव घेत होती. बिलकीसला बोलवा, बिलकीसला बोलवा. मी तिला सांगितलं, आपाला निरोप धाडला, ती येत न्हाई म्हणते."

मी खांबाला धरलं. म्हणजे माझी आई मला दगडाच्या काळजाची समजून गेली. गुणामावशींच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"अरे हैवाना," एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

"माफ कर आपा. पाया पडतो."

मी डोळे पुसले. त्याच्याजवळ गेले.

"जा. माझ्याशी जे वागलास, ते मी सोडलं. अल्लाच्या नावानं सोडलं. ह्या समद्या माणसांसमोर सांगते."

त्याचा चेहरा असा खुलला! माझा हात धरायला पुढं आला. मी हात मागं घेतला.

"पण अम्मीला जे खोटं सांगितलंस, ते मी कोण सोडणार? ते तिचं हाय. तिच्याकडं माग."

"ती कुठं हाय आता, आपा?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "माती देताना तू होतास. मी नव्हते."