उंबऱ्याच्या आतला नारळ

आमच्या घरात गुजराती बोलायचं नाही, हा नियम माझा. मी बडोद्यातल्या मराठी शाळेत मराठीची बाई. वर्गातली दोन-तीन बाकं दरवर्षी रिकामी व्हायची आणि तो राग मी घरी काढायची. बाहेर काय हवं ते बोला, चपलांबरोबर दारात ठेवा आणि मग आत या. ‘केम छो’ करत आलेल्या मुलीला मी परत बाहेर पाठवून ‘आई, मी आले’ म्हणायला लावलं आहे. माझे यजमान मल्हारराव या नियमाला कधीच चुकले नाहीत. एकदा चुकले असते तर बरं झालं असतं.

मल्हारराव गोरव्याच्या एका कारखान्यात केमिस्ट. नारळाच्या करवंट्या कमी हवेत जाळून कोळसा करायचा, मग तो लालभडक भट्टीत घालून वाफेनं त्याला भोकं पाडायची, डोळ्यांना न दिसणारी. पाणी त्यातून गेलं की वास, रंग, औषधाची चव, सगळं त्या भोकांत अडकतं. “एका ग्रॅममधल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या ना, तर चार टेनिस कोर्टं भरतील,” हे मी पंचवीस वर्षं जेवताना ऐकत होते. चार कोर्टं मावणाऱ्या त्या कोळशाचा डाग शर्टाच्या कॉलरीतून मात्र कधी निघाला नाही.

त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. यांच्या वाट्याला लढाई आली ती त्र्याण्णव साली, आणि तीही शेंगांच्या टरफलांशी. शेठच्या चिरंजीवांनी डोक्यात घेतलं की करवंट्या लांबून आणायच्या कशाला, सौराष्ट्रात टरफलांचे डोंगर पडलेत, त्यांचाच कोळसा करू. मल्हाररावांनी करून पाहिला. मऊ, राखेनं भरलेला, चिमटीत धरला तर भुगा. “आपला माल दवाखान्यांच्या फिल्टरांत जातो. यातून काळं पाणी येईल. मी सही करणार नाही,” असं ते भर ऑफिसात म्हणाले. चिरंजीव काही बोलले नाहीत, शेठही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानंच यांची झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, “ऑफिसातल्या विश्रामनं निरोप दिलाय. उद्या साडेअकराला बोलावलंय. शेठ मला नारळ देणार आहेत.”

माझं डोकंच फिरलं. नारळ देणे, हा वाक्प्रचार मी दर वर्षी सातवीला शिकवते. वाक्यात उपयोग: मालकाने कामचुकार नोकराला नारळ दिला.

“पंचवीस वर्षं राबवून नारळ?”

“म्हणजे, विश्राम म्हणाला ते जरा...” ते चाचरले.

“जरा काय? त्यांनी द्यायच्या आत तुम्ही राजीनामा त्यांच्या तोंडावर टाका!”

मसुदा मीच केला. स्वाभिमान, घराण्याची रीत, निष्ठेचं फळ, सगळं इंग्रजीत जेवढं मावेल तेवढं कोंबलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: टरफलांचा कोळसा रुग्णांच्या पाण्यासाठी पाठवणं मला मान्य नाही. माझ्या झणझणीत मजकुरापुढे ती ओळ मला फारच फिकी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकरालाच त्यांनी शेठच्या टेबलावर कागद ठेवला आणि इकडेतिकडे न बघता मांजलपूरला घरी परत आले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी शिरा केला.

पाच वाजता दारात गाडी थांबली. खुद्द शेठ आले, मागे विश्राम. विश्रामच्या हातात शाल, पेढ्यांचा डबा आणि शेंडीवाला नारळ, त्यावर कुंकवाचं बोट.

“मल्हारभाई,” शेठ बसता बसता म्हणाले, “पच्चीस वरसनुं तमारुं सन्मान हतुं. हुं श्रीफळ हाथमां लईने ऊभो रह्यो, ने तमे चाली गया!”

श्रीफळ. विश्रामनं आणलेला निरोप ‘श्रीफळ’ होता. यांनी तो माझ्या धाकानं दारात उतरवून ठेवला आणि आत येताना त्याचा नारळ केला. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

पण शेठ थांबले नव्हते. खिशातून आमचा कागद काढून, त्यातली ती शेवटची ओळ बोटानं दाखवत ते म्हणाले, “फोतरां माटे नोकरी छोडी! आवो माणस में जोयो नथी.” टरफलांची पोती तर येऊन पडली होती, मुलगा ऐकायला तयार नव्हता, म्हणून मल्हारभाईंचा निर्णय ते जड मनानं मान्य करत होते.

आणि मल्हारराव ताठ बसले. खरं सांगते, इतका देखणा माणूस माझ्या घरात आहे हे मी विसरूनच गेले होते. त्यांना बोलायची गरजच नव्हती, ती ओळ त्यांची होती आणि खरी होती.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. मुलगी कॉलेजात, निवृत्तीला चार वर्षं, चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार? मी घाबरले. सरळ गुजरातीत सुरू झाले.

“शेठ, सिद्धांत-बिद्धांत कशुं नथी. विश्रामे श्रीफळ कह्युं, एमणे घरे आवीने नारळ कह्युं. अमारामां नारळ आपे एटले काढी मूके. भूल थई गई.”

शेठ असे हसले की डोळे पुसावे लागले. “अमारामां एने पाणीचुं कहेवाय, बहेन! पाणीचुं!” नोकरीवरून काढताना त्यांच्यात पाणीचुं देतात, श्रीफळ नव्हे. शेठनी कागदाचे चार तुकडे केले, यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ दिलं. विश्रामनं टाळ्या वाजवल्या. एकट्याच्याच टाळ्या, पण जोरात.

जाता जाता शेठ दारात वळले. हसणं अजून ओसरलं नव्हतं. “तो मल्हारभाई, फोतरांनो तो कोई वांधो नथी ने?”

मल्हाररावांची शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी सावरली नाही.

“ना, ना,” मीच म्हणाले. “एमां शुं वांधो!”

ते सोमवारी कामावर गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. कोळशाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी मीच विचारलं, आज काय झालं.

“टरफलांच्या कोळशाची पहिली तीस पोती गेली. सही केली.” त्यांनी आमटी भातावर घेतली. “शेठ म्हणाले, तुमच्या बाई फार समजूतदार आहेत.”

मी डाव खाली ठेवला. “कुठल्या दवाखान्यात गेली?”

“इथल्याच,” ते म्हणाले. “बडोद्यातल्या.”