सुभेदारांची सावकाश बशी

निवृत्त सुभेदार कानिफनाथांनी देवळाली प्रवऱ्याच्या माळावर नेमबाजीची स्पर्धा सुरू केली ती निव्वळ हौसेपोटी. यंत्र मातीची बशी हवेत भिरकावतं, ती बंदुकीने फोडायची, एवढाच खेळ. पहिल्या वर्षी पंचक्रोशी लोटली. पण बशा सुसाट, फोडणारे एकटे सुभेदार, आणि माईकवर गावातला वात्रट राधाकृष्ण. ज्याचा नेम चुके त्याचं गावासकट नाव घेऊन तो सांगे, छर्रे कोपरगावच्या पुढं गेले. सुभेदारांचे व्याही, नेवाशाचे गोरक्षनाथ, यांच्या साऱ्या बशा सुखरूप खाली आल्या आणि राधाकृष्णाने त्यांचे छर्रे थेट मुंबईला पोचवले. बोलावून हसं केलंत, एवढं म्हणून व्याही उठून गेले. त्या दिवाळीला त्यांनी सुनेला, म्हणजे सुभेदारांच्या लेकीला ज्योतीला, माहेरी धाडलं नाही. लेकीवाचून दिवाळी कशी जाते, हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच ठाऊक. सुभेदारांच्या घशाखाली लाडू उतरला नाही.

यंदा त्यांनी चंगच बांधला. साध्या माणसाला मजा आली पाहिजे, मग काहीही होवो. यंत्राची स्प्रिंग ढिली करून बशी रमतगमत जाईल असं केलं. नेम चुकला तर चकार शब्द न काढता सनई लावायची, अशी राधाकृष्णाला तंबी दिली. नेवाशाला स्वतः जाऊन, हातापाया पडून व्याह्यांना आणलं. ते आले, पण तोंड फिरवून खुर्चीत बसले. बाकीचेही एकमेकांना पुढे ढकलत होते. बंदुकीला कुणी हात लावेना.

तेव्हा सुभेदारांनीच सुरुवात केली. बशी निघाली, बार झाला आणि बशी आख्खीच्या आख्खी गवतात उतरली. सनई वाजली.

जन्मभर सुसाट बशीच्या पुढे नेम धरायची सवय. या सावकाश बशीच्या कितीतरी आधीच छर्रे निघून गेले. दुसरीही तशीच सुटली. माळावर कुजबुज झाली की सुभेदारांचं मन मोठं, व्याह्यांसाठी मुद्दाम चुकवतायत. सुभेदारांना हायसं वाटलं. इभ्रत वाचली, वर पुण्य फुकटात.

तोच गोरक्षनाथ उठले. "मुद्दाम चुकवली ना? मला तुमची भीक नगं. निघतो मी."

सुभेदारांनी गप्प बसावं तर गाव डोक्यावर घेणार, पण लेक पुन्हा अंतरणार. त्यांनी राधाकृष्णाच्या हातून माईक ओढला.

"मुद्दाम न्हाई, व्याही. लेकीची आण. मला लागलीच न्हाई."

व्याह्यांनी डोळे बारीक केले आणि मग जीव तोडून मारून दाखवा म्हणाले. सुभेदारांनी दात आवळून नेम धरला. इतका देवाचा धावा त्यांनी सीमेवरही केला नव्हता. बार झाला, बशी डुलत डुलत खाली आली आणि सनई सुरू झाली.

व्याही हसता हसता खुर्चीत कोसळले. मग सारा माळ हसला आणि सुभेदारांनाच जमत नाही म्हटल्यावर बंदुकीपुढे रांग लागली. "सरका," म्हणत गोरक्षनाथ सगळ्यांच्या पुढे घुसले. त्यांचाही नेम चुकला. स्वतःच्या सनईवर त्यांनी खुशीने मान डोलावली.

बंदूक परत देताना ते म्हणाले, "दिवाळीला ज्योतीला घिऊन मीबी येतो. दोघं मिळून शिकू."

सुभेदारांनी लगबगीने यंत्रावर पुढची बशी ठेवली.